ठिगळांची सोबत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत एखाद्या विदुषीने बोलावे असा आपला रिवाज. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला आणि मला उभे केले. मी जन्मभर शाळेत शिवणकाम शिकविले. "मुलींनो, दोरा दातांनी तोडू नका," एवढेच माझे वक्तृत्व! तेव्हा मोठे व्याख्यान ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. आपल्या मंडळाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी जे चालते, त्याविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. तिथे आम्ही बारा-पंधराजणी चिंध्या घेऊन बसतो. "काय करता हो तुम्ही तिथे?" असे पुष्कळजणी विचारतात. काहीजणी त्या खोलीला "रडक्या बायकांची खोली" म्हणतात, हेही माझ्या कानांवर आले आहे. मी रागावलेली नाही. त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, एवढाच आजचा हेतू आहे. शेवटी मला आपल्यापाशी काही मागावयाचेही आहे. ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून फसविले असे कुणाला वाटावयाचे नाही.

आरंभ गोधडीपासून करू. ती आपल्यातल्या प्रत्येकीच्या ओळखीची. धुवून धुवून मऊ झालेली जुनी लुगडी एकावर एक पसरावयाची, कडा दुमडून घ्यावयाच्या आणि धावदोरा घालीत बाहेरून आत यावयाचे. कुणी तिला गोधडी म्हणते, कुणी वाकळ. बाळाची असली की दुपटे. माझी आजी उन्हाळ्यात ओसरीवर गोधडी पसरून बसली, की शेजारच्या दोघीतिघी आपापली सुई घेऊन येत. त्यांना बोलावणे गेलेले नसे. एकीने एक कोपरा धरावा, दुसरीने दुसरा. हात चालू आणि नजर खाली. भगिनींनो, ज्या गोष्टी समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलता येत नाहीत, त्या नजर सुईवर असताना बोलता येतात. मी लहान होते. आजीजवळ पडल्या पडल्या सगळे कानांवर येई. कुणाचे गेलेले मूल, कुणाचा घर सोडून गेलेला नवरा, कुणाला माहेरी जाण्याची बंदी. गोधडी पुरी होईपर्यंत ते सारे एकदा तरी बोलून झालेले असे. त्याला कुणी कला म्हटले नाही, की उपचार म्हटले नाही. थंडीत पांघरावयाची वस्तू, एवढीच तिची प्रतिष्ठा.

आता थोडे माझे सांगते. ते सांगितल्यावाचून पुढचे समजावयाचे नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे हे गेले. घरातून निघाले ते स्वतःच्या पायांनी चालत गेले. जाताना "गॅस बंद केलास ना?" असे विचारून गेले. नवव्या दिवशी फोन आला. चेहरा पाहावयास मिळाला नाही. गुंडाळलेले काहीतरी दुरून पाहिले आणि तेच आपले माणूस, असे मानावयाचे. त्या दोन महिन्यांत आपल्या मंडळातल्या किती घरांत हे घडले, ते आपण जाणताच. तेराव्यालाही कुणी येऊ शकले नाही. दुःख होतेच, पण ते वाटून घ्यावयास दारात माणूस नव्हते.

यांचे सदरे कपाटात तसेच होते. देऊन टाकावेत तर हात होईना, ठेवावेत तर कपाट उघडवेना. असे सहा-सात महिने गेले. मग एक दिवस माझी भाची आली. ती चित्रकला शिकविते. तिच्याजवळ काही छायाचित्रे होती. म्हणाली, "मावशी, तू शिवणाची बाई. हे काम बघ." मी चष्मा लावून पाहू लागले. कापडाच्या तुकड्यांची चित्रे होती. मागे उंच डोंगर, वर सूर्य, खाली लहान लहान घरे आणि चिंध्यांच्या बाहुल्या. लहान मुलाच्या खेळण्यासारखे ते साजरे दिसत होते. मग भाचीने एका चित्रावर बोट ठेवले. जेवणाच्या मेजाभोवती बाहुल्या बसलेल्या होत्या आणि एक खुर्ची रिकामी होती. मी पुढे काही विचारले नाही. त्या खुर्चीत कोण बसत असे, ते मला न सांगता कळले.

ती चित्रे चिली देशातल्या बायकांनी शिवलेली. चिली म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावरची लांबच लांब चिंचोळी पट्टी. एका अंगाला अँडीज पर्वत, दुसऱ्या अंगाला महासागर. 11 सप्टेंबर 1973 रोजी तिथे लष्कराने सत्ता हाती घेतली. राजधानी सांतियागोमधील राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बाँब टाकले. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा त्याच दिवशी अंत झाला. जनरल पिनोशे यांची हुकूमशाही सुरू झाली, ती 1990 पर्यंत टिकली. त्या काळात 3,000 हून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. नाहीशी झाली म्हणजे काय, हे नीट ऐका. शिपाई येत, घरातल्या मुलाला किंवा नवऱ्याला घेऊन जात. त्याची आई, त्याची बायको तुरुंगात चौकशीला जाई, रुग्णालयात जाई, प्रेते ठेवतात तिथेही जाई. सगळीकडे उत्तर एकच: या नावाच्या माणसाला आम्ही पकडलेलेच नाही. मरण कळले तर बाई रडून तरी घेते. इथे तर रडावयाचे कशासाठी, हेच कुणी सांगत नव्हते.

माझे दुःख आणि त्यांचे दुःख एका मापाचे, असे मी म्हणत नाही. माझे माणूस आजाराने गेले, त्यांची माणसे माणसांनी नेली. एक दैवगती, दुसरा गुन्हा. परंतु चेहरा न पाहता निरोप घ्यावा लागणे म्हणजे काय, ते मला थोडेसे कळले होते. त्या थोड्याशा कळण्याच्या आधाराने मी त्यांचे काम पाहिले.

दारोदार विचारीत हिंडताना या बायका एकमेकींना वारंवार दिसू लागल्या. तोंडओळख झाली. 1973 च्या ऑक्टोबरातच तिथल्या वेगवेगळ्या चर्चनी मिळून पीडितांच्या साहाय्यासाठी एक समिती काढली होती. सरकारच्या दडपणामुळे 1975 च्या अखेरीस ती बंद करावी लागली. तेव्हा सांतियागोचे कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनी 1976 च्या आरंभी चर्चच्याच छत्राखाली नवे कार्यालय उघडले. त्याचे नाव विकारिया दे ला सोलिदारिदाद. सोलिदारिदाद म्हणजे एकमेकांच्या पाठीशी उभे राहणे. तिथे वकील होते, दवाखाना होता, आणि एका खोलीत सुया, दोरे व चिंध्या होत्या. समितीच्या दिवसांत सुरू झालेले बायकांचे शिवणवर्ग या कार्यालयाने पुढे चालविले आणि वाढविले.

कमावता पुरुष नाहीसा झालेला, किंवा कारखाना बंद पडून घरी बसलेला. घरात पोरे उपाशी. तेव्हा पहिला प्रश्न दुःखाचा नव्हता, भाकरीचा होता. बायकांना दोन पैसे मिळावेत म्हणूनच हे वर्ग निघाले. कापड विकत आणण्याची ऐपत नव्हती. पिठाची रिकामी गोणी धुवून तिचे सारखे तुकडे करावयाचे. पाटावर मावेल एवढे एकेक चित्र. गोणपाटाला त्यांच्या भाषेत आर्पियेरा म्हणतात, म्हणून चित्राचेही नाव आर्पियेरा पडले. त्यावर चिंध्यांची घरे, चिंध्यांचे डोंगर. बाहुल्या थोड्या भरून उठावाच्या केलेल्या. कडेला लोकरीची विणलेली किनार. चिंध्या कुठल्या? ज्या मिळतील त्या. कधी कधी तर नाहीशा झालेल्या मुलाच्या सदऱ्याचाच तुकडा त्या चित्रात बसे.

गोणपाटावरचे भरतकाम चिलीला नवे नव्हते. व्हिओलेता पार्रा या तिथल्या लोकगायिकेने केलेली तशी कामे 1964 मध्ये पॅरिसला लूव्हर राजवाड्यातील कलासंग्रहालयात मांडली गेली होती. परंतु या बायका काही कलावंत नव्हत्या. त्यांतल्या कितीतरीजणींनी फाटके सांधण्यापलीकडे सुई धरलेली नव्हती. त्यांनी काय शिवले? जे घडले ते शिवले. शिपाई दार ठोठावीत आहेत. कारखान्याच्या फाटकाला कुलूप आहे. वस्तीतल्या बायका एका मोठ्या पातेल्यात सगळ्यांचे मिळून जेवण रांधीत आहेत. कायदेमंडळाच्या जुन्या इमारतीच्या कठड्याला बायकांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले आहे. आणि "ते कुठे आहेत?" असा प्रश्न लिहिलेला फलक. या सगळ्याच्या वर बहुतेक चित्रांत तो अँडीज पर्वत आणि तो पिवळाधमक सूर्य! एवढ्या काळोखात यांना सूर्य कसा सुचला, असे मला प्रथम वाटले. मग ध्यानात आले, की उद्याची आशा त्यांनी शब्दांत सांगितली असती तर ती खोटी वाटली असती. कापडात मात्र ती वर कोपऱ्यात सहज बसली.

कित्येक आर्पियेरांच्या पाठीमागे लहानसा खिसा असे आणि त्यात घडी केलेली चिठ्ठी. चित्रात काय आहे, ते शिवणारीने आपल्या हाताने दोन ओळींत लिहिलेले. विकारिया ही चित्रे विकत घेई आणि परदेशी पाठवी. देशात वर्तमानपत्रांची तोंडे बांधलेली होती. पण चिंध्यांच्या बाहुल्यांकडे आरंभी कुणाचे लक्ष गेले नाही. बायकांचे शिवणटिपण, त्यात काय असावयाचे? या समजुतीचाच त्यांनी उपयोग करून घेतला. पुढे सरकारला कळले. ही चित्रे देशाची बदनामी करतात अशी ओरड झाली, काही गठ्ठे जप्तही झाले. मग बायकांनी दारे-खिडक्या लावून शिवले. घरचे पुरुषही प्रथम कुरकुरत. बायको घराबाहेर जाते, भलत्या भानगडीत पडते, म्हणून. घरात पैसे येऊ लागले तेव्हा बऱ्याच ठिकाणी ती कुरकुर कमी झाली. हा अनुभव काही चिलीपुरताच नाही, हे मी आपल्याला सांगावयास नको!

एक प्रसंग सांगते. चिलीत क्वेका नावाचा लोकनृत्याचा प्रकार आहे. स्त्री आणि पुरुष हातात रुमाल घेऊन जोडीने तो नाचतात. 8 मार्च 1978 रोजी, महिला दिनाला, सांतियागोच्या एका मोठ्या नाट्यगृहात नाहीशा झालेल्यांच्या बायका रंगमंचावर आल्या आणि तो जोडीचा नाच एकटीने नाचल्या. समोर जोडीदाराची जागा मोकळी ठेवून! छातीवर त्याचे छायाचित्र लावून! घराच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली बाई हजारो लोकांसमोर त्या मोकळ्या जागेभोवती पावले टाकते, हे बळ तिला कुठून आले? माझ्या समजुतीप्रमाणे ते त्या शिवणाच्या खोलीसारख्या खोल्यांतून आले. आपण एकटी नाही, हे जिथे तिला आठवड्यामागून आठवडे कळत गेले, तिथून.

पण गोड शेवट सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. 1988 च्या ऑक्टोबरात जनतेने मतदान करून पिनोशेंना नकार दिला, 1990 मध्ये लोकनियुक्त सरकार आले. 2010 मध्ये सांतियागोत स्मृतीचे व मानवी हक्कांचे संग्रहालय उघडले. तिथे या आर्पियेरा मानाने जपल्या आहेत. परंतु माणसे परत आली नाहीत. 2023 मध्ये तिथल्या सरकारने शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली, तेव्हाही त्या शोधाच्या यादीत 1,469 नावे होती. टाका घालून गेलेले माणूस परत येत नाही. मग काय होते? राहिलेली बाई परत येते. स्वतःत, घरात, चारचौघींत परत येते. मला वाटते, बरे होणे म्हणजे एवढेच. आणि ते काही थोडे नव्हे.

कुणी म्हणेल, हे लांबच्या देशाचे झाले. तर आपल्याच देशातील बिहारकडे वळू. मुझफ्फरपूर जिल्ह्यात भुसुरा नावाचे गाव आहे. तिथे आपल्या दुपट्यासारखी सुजनी करतात. जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून बाळाला गुंडाळण्यासाठी. ही कला मागे पडत चालली होती. 1988 मध्ये अदिती या स्वयंसेवी संस्थेच्या विजी श्रीनिवासन यांनी तिथल्या बायकांना एकत्र करून तिला पुन्हा चालना दिली. आधी फुले, पक्षी, देवादिक. पुढे बायका आपले स्वतःचे दिवस शिवू लागल्या. हुंड्यासाठी अडलेले लग्न, दारू पिऊन येणारा नवरा, मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरे. तिकडे पर्वत आणि सूर्य, इकडे चूल आणि अंगण. पण रीत तीच. जे तोंडाने बोलले तर घरात आकांत होईल, ते सुईने सांगितले तर लोक जवळ येऊन पाहतात. भुसुऱ्याच्या निर्मलादेवींना या कामासाठी 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपण वाचले असेल. ज्या धावदोऱ्याला आपण "काय मोठेसे, गोधडीचा टाका!" म्हणतो, त्याच टाक्याचा हा मान आहे.

आता आपल्या मागच्या खोलीकडे येते. ती छायाचित्रे पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मी यांचा एक सदरा काढला. निळ्या रेघांचा. कात्री हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. घरी एकटीला ते जमावयाचे नाही, हे मला उमगले. म्हणून अध्यक्षाबाईंकडे जाऊन मागच्या खोलीची किल्ली मागितली. त्यांनी कारण विचारले नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

पहिल्या गुरुवारी आम्ही चौघी होतो. आणि पहिली चूक माझीच झाली. जन्मभराची शिवणाची बाई मी! मी कागदावर खाके काढून नेले. कमळ, मोर, कुयरी. टाका कसा घ्यावा ते फळ्यावर काढून दाखविले. एक भगिनी होत्या. नाव सांगत नाही, पण त्या इथे आहेत आणि सांगण्यास त्यांनी परवानगी दिली आहे. त्यांचा मुलगा गेलेला. त्यांनी कमळ बाजूला सारले आणि एका चिंधीवर वाकडेतिकडे काहीतरी शिवू लागल्या. मला वाटले, यांना जमत नाही. मोठ्या मायेने मी ते कापड घेतले, टाके उसविले आणि सरळ घालून दिले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन गुरुवार त्या आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "बाई, ती त्याची सायकल होती. तिचे पुढचे चाक वाकडेच होते."

भगिनींनो, चाळीस वर्षे मी मुलींचे टाके उसविले, पण त्या दिवशी उसविलेल्या टाक्यांइतके मला कुठलेच टोचले नाहीत. त्या दिवसापासून खाके बंद झाले. खोलीचा नियम एकच ठरला: मागितल्यावाचून कुणी कुणाच्या कापडाला हात लावावयाचा नाही. त्या भगिनी परत आल्या. सायकल पुरी झाली, वाकड्या चाकासकट. आणि ती शिवून होत असताना त्या पहिल्यांदा मुलाविषयी बोलल्या. त्याच्या मरणाविषयी नव्हे. तो लहानपणी सायकलवरून कसा पडला, आणि सायकलचे चाक वाकडे झाले ते घरी कळू नये म्हणून त्याने काय काय युक्त्या केल्या, ते सांगितले. आम्ही सगळ्याजणी हसलो. त्याही हसल्या. मग घाबरून इकडेतिकडे पाहू लागल्या, हसल्याबद्दल कुणी बोल लावते की काय म्हणून. कुणी लावला नाही. त्याच दुपारी मी निळ्या रेघांच्या सदऱ्याला कात्री लावली. कॉलर मात्र अजून कापलेली नाही. ती तशीच ठेवावयाची, असे माझे मी ठरविले आहे.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप असा, की मंडळाच्या आनंदाच्या दिवशी ही दुःखाची कापडे कशाला? हळदीकुंकू, तिळगूळ, मंगळागौर यांच्या मंडळात गेलेल्या माणसांचे सदरे शोभतात का? मी विचारते, ज्यांच्या घरी असे झाले त्या आपल्या सभासद राहिल्या की नाही? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. एक गाव एवढे करू शकते, तर आपल्याला एक भिंत मोकळी करणे जड जाऊ नये.

दुसरा आक्षेप: हे काय औषध आहे? नाही. हे स्पष्ट सांगते, कारण याबाबतीत भलती भरवसेबाजी नको. जिला रात्र रात्र झोप नाही, जिला जीव नकोसा झाला आहे, तिला डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. आमच्यातल्या एकीला आम्ही दोघीजणी घेऊन गेलो आणि आज तिला औषधाने उतार आहे. पण तिने ते आम्हांला सांगितले कुठे? शिवता शिवता, याच खोलीत. खोली औषध देत नाही. पण औषधाची गरज कुणाला आहे, हे खोलीत कळते.

तिसरा आक्षेप पैशांचा. एका दुकानदाराने आमच्या गोधड्या पाहिल्या आणि विचारले, "दर महिन्याला चाळीस द्याल का? एकाच नमुन्याच्या, आणि रंग जरा आनंदी ठेवा." कार्यकारिणीत यावर पुष्कळ चर्चा झाली, ती आपणांस ठाऊक आहे. मी पैशांच्या विरुद्ध नाही. आमच्यातल्या तिघींना पैशांची खरोखर निकड आहे, आणि चिलीतल्या बायकांनी भाकरीसाठीच सुई धरली होती, हे मी विसरलेली नाही. त्या तर मिळकतीचा काही हिस्सा गटाच्या निधीत टाकीत, म्हणजे अडीअडचणीला कुणाच्याही उपयोगी पडावा. पण तिथेही पुढे काय झाले? हुकूमशाही गेल्यावर विकारियाचे काम 1992 मध्ये संपले, जुने गिऱ्हाईक ओसरले, आणि प्रवाशांना आवडतील अशी गोजिरवाणी खेड्यांची चित्रे बाजारात आली. त्यांत वाईट काही नाही. पोटाला ती हवीत. मात्र त्यांच्या पाठीमागे चिठ्ठीचा खिसा असण्याचे कारण उरले नाही.

म्हणून मी आज आपल्यापाशी तीन गोष्टी मागते. पहिली: दुकानाची गोधडी आणि आपली गोधडी या वेगळ्या ठेवू या. विकण्याचे काम सोमवारी व्हावे, जिला हवे तिने करावे, मजुरीचा हिशेब चोख असावा आणि त्यातला थोडा वाटा अडचणीच्या निधीत जावा. गुरुवारची दुपार मात्र विकावयाची नाही. त्या दुपारी जे शिवले जाईल ते शिवणारीचे. दुसरी: गुरुवारची खोली फक्त विधवांची किंवा दुःखितांची, असे राहू नये. जिचे सगळे ठीक आहे तिनेही यावे. आजीच्या ओसरीवर येणाऱ्या सगळ्याच काही दुखावलेल्या नसत. कुणीतरी कोपरा धरावयास लागतेच. आणि तिसरी: पुढच्या वर्धापनदिनी या सभागृहाची डावी भिंत आम्हांला द्यावी. तिथे आम्ही आमची मोठी गोधडी लावू. तिच्यात वाकड्या चाकाची सायकल असेल, निळ्या रेघांचा तुकडा असेल, एकीच्या सासूच्या लुगड्याचा पदर असेल, आणि कुणाचा तरी सूर्यही असेल. पाठीमागे खिसे असतील. चिठ्ठ्या कुणी वाचाव्यात, हे जिची तिने ठरवावे.

माझ्या भाचीने मध्यंतरी विचारले, "मावशी, यातली कला कोणती आणि उपचार कोणता?" मी म्हटले, "बाळ, मला दोन्हींतले काही कळत नाही. मला एवढे कळते, की घरी मी सदऱ्याला कात्री लावू शकले नाही, आणि चौघींत बसल्यावर लावू शकले." कापड तेच, कात्री तीच, हातही तोच. फरक शेजारी बसलेल्या बाईचा. चिलीच्या बायकांना ते कळले, भुसुऱ्याच्या बायकांना कळले आणि आपल्या आज्यांना तर ते कुणी न सांगता ठाऊक होते. आपण मध्यंतरी गोधड्या विकत आणू लागलो आणि ते थोडे विसरलो, इतकेच.

गुरुवारी दुपारी तीन वाजता खोली उघडी असते. सुई-दोरा आम्ही देऊ. चिंधी आपली आपण आणावी.